चहाला दूध नव्हतं, एवढंच?

पत्र (थोडी काटछाट करून):

प्रिय ताई,
आम्ही तिघी विद्यापीठाच्या होस्टेलपासून एकत्र. शिक्षण संपल्यावर कोल्हापुरात राजारामपुरीत एका घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला, त्याला दोन वर्षं होतील. भाडं १०,५०० रुपये, म्हणजे प्रत्येकी साडेतीन हजार. मी गोकुळ शिरगावला एका फौंड्रीत अकाउंट्सला आहे, पगार २१,०००. दुसरी गुजरीत एका सराफाकडं कौंटरला. तिचं लग्न ठरलंय, तुळशीच्या लग्नानंतर ती जाणार. तिसरी एमपीएससी करते. तिच्या गावाकडं उसाचं बिल अडकलंय, त्यामुळं घरून पैसे येणं बंद झालं. पहिल्या महिन्यात मीच म्हणालो, असू दे, नंतर बघू. आता चार महिने तिचा वाटा मीच भरतो. चौदा हजार झाले. किराण्याचे तिचे ती देते, कुठून आणते माहीत नाही. सकाळी सातला घर सोडतो, रात्री आठला येतो, तर चहाला दूध नसतं, कारण दुपारी तिच्या अभ्यासिकेतल्या मैत्रिणी चहा पिऊन गेलेल्या असतात. परवा मला राहवलं नाही. म्हणालो, 'दूध तरी शिल्लक ठेवत जा, पैसे कुणाच्या बापाचे?' तेव्हापासून बोलणं बंद. ती जेवण करून झाकून ठेवते आणि आत जाऊन दार लावते. घराचा करार माझ्या एकटीच्या नावावर आहे, कारण सॅलरी स्लिप माझ्याकडंच होती. तो नोव्हेंबरअखेर संपतो. डिपॉझिट ३०,००० तिघींनी सारखं घातलंय. ऑफिसमधली एक जण म्हणते, शाहूपुरीत खालच्या अंगाला स्वस्तात फ्लॅट मिळतोय, दोघी राहू. जाऊ का? गेलो तर स्वार्थी ठरेन का? आणि माझे चौदा हजार?
राजारामपुरीतून एक

उत्तर:

पोरी,

तुझं पत्र पहिल्यांदा वाचताना मी तुझ्या बाजूनं होते. मैत्रिणीचं भाडं भरायचं, दिवसभर व्हाउचरं लावायची, केएमटीच्या बसमध्ये उभं राहून घरी यायचं आणि पातेलं पालथं. कुणालाही लागेल. दुसऱ्यांदा वाचताना शेवटाकडच्या एका वाक्यावर थांबले. 'ती जेवण करून झाकून ठेवते.'

भांडणानंतरसुद्धा! मग भांडणाच्या आधी जेवण कोण करत होतं? ते तू लिहिलेलंच नाहीस. भाड्याचा आकडा आहे, पगाराचा आहे, डिपॉझिटचा आहे. भाकऱ्या किती आणि कुणी थापल्या, त्याचा नाही. सिलिंडरवाला येतो तेव्हा घरात कोण असतं? पाणी आलं की मोटर कोण लावतं? घंटागाडीच्या मागं कोण पळतं? खालच्या घरमालकीण काकूंच्या 'काल रात्री वर हसायचा आवाज कुणाचा गं?' याला तोंड कोण देतं? तू सात ते आठ बाहेर, दुसरी गुजरीत. उरली कोण, ते तुला मी सांगायला नको.

आता जरा कडू बोलते. तू त्या घरात बाबा झाली आहेस.

आपल्याकडं पोरी 'मी जातो, मी करतो' म्हणतात. तुझ्या पत्रातले 'भरतो' आणि 'येतो' मी मुद्दाम तसेच ठेवलेत. मीही घरात तशीच बोलते, पुण्याला गेलं की लोक हसतात, हसू देत. पण 'पैसे कुणाच्या बापाचे' हे त्या बोलीतलं वाक्य नव्हे. ते बाहेरून दमून आलेल्या, चप्पल काढता काढता स्वयंपाकघराकडं बघून बोलणाऱ्या माणसाचं वाक्य आहे. आपण बहुतेकींनी ते लहानपणी आतल्या खोलीतून ऐकलेलं असतं. तू ते उचललंस. आणि ती आई झाली: न बोलता करायचं, झाकून ठेवायचं, आत जाऊन दार लावायचं. तुम्ही दोघींनी हे ठरवून केलेलं नाही. घर म्हटल्यावर एवढा एकच नमुना तुम्ही पाहिलाय.

शिवाय शब्द कुठं लागला, तेही बघ. तुझ्या तोंडातला 'बाप' नुसता बोलण्यातला. तिचा बाप खरोखरच अडकलाय. ऊस कारखान्याला घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय. लिहिलंय खरं. बिल प्रत्यक्षात कधी हातात पडतं, ते कुठल्याही ऊसवाल्या घरात विचार. तुझ्या खात्यात दर महिन्याला पगार येतो. ऊसवाल्या घरात पैसा महिन्याला येत नाही, तो हंगामाला येतो, आणि येतो तेव्हा सोसायटीचं कर्ज आधी वळतं होतं. तू महिन्याच्या कॅलेंडरवर जगतेस, ती हंगामाच्या. एका छताखाली दोन कॅलेंडरं असली तर एकीला दुसरी सतत 'उशीर करणारी' वाटणार.

कोल्हापूरला वसतिगृहांची माता म्हणतात ते तुला ठाऊक असेलच. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेक बोर्डिंगं उभी राहिली. दसरा चौकातून जाता-येता अजून दिसतात. त्यांतली बहुतेक मुलांसाठी होती, तो मुद्दा आत्ता बाजूला ठेवू. सांगायचं हे की बोर्डिंगला रेक्टर असतो, मेसची घंटा असते, पाण्याची वेळ असते. तुम्ही होस्टेलवर तीन-चार वर्षं गोडीनं राहिलात, त्यातली निम्मी गोडी त्या रेक्टरबाईंची होती. कुणी काय करायचं हे तुम्हाला एकमेकींना सांगावंच लागलं नाही. सगळ्या मिळून बाईंना शिव्या घातल्या की झालं. राजारामपुरीत रेक्टर नाही. ती खुर्ची रिकामी होती, आणि ज्या बाईकडं सॅलरी स्लिप होती ती त्या खुर्चीत बसली.

मी हे इतकं ठामपणे बोलते, कारण मी स्वतः बसले होते. आम्ही तिघी मंगळवार पेठेत एका खोलीत राहायचो. स्टोव्ह होता, रॉकेलची रांग होती, संडास खाली होता. माझी नोकरी आधी लागली. रॉकेलचे, दुधाचे, पेपरचे पैसे मी द्यायचे आणि मनात लिहून ठेवायचे. वहीत लिहिलं असतं तर बरं झालं असतं. मनातल्या वहीला व्याज लागतं. वर्षभरानं एकीनं ट्रंक उचलली आणि गेली. भांडण नाही, निरोप नाही. पुढं कित्येक वर्षांनी नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत ती माझ्या पुढं तीन बायका सोडून उभी. मला बघून म्हणाली, 'तुझे एकशे ऐंशी राहिलेत गं माझ्याकडं.' तिचं वाक्य संपतंय तोच मी म्हणाले, 'दोनशे दहा.' दोघी हसलो. पण तो आकडा इतकी वर्षं माझ्या जिभेवर तयार होता, याची मला आजही लाज वाटते. त्या खोलीत भात कोण टाकायचं, ते मात्र मला धड आठवत नाही. म्हणजे मी टाकत नव्हते.

असो. तुझे चौदा हजार.

ते बुडालेले नाहीत, आणि ते सोडून दे असंही मी म्हणणार नाही. मैत्रीत पैसे सोडून देणारी माणसं पुढं ते सोडून दिल्याचं ऐकवत बसतात. पण तू फौंड्रीत अकाउंट्स बघतेस. नुसती नावेची बाजू लिहून खातं बंद करायला तुझा साहेब देईल का? जमेची बाजू मांड. तुमच्या गल्लीत खानावळीचा डबा असेलच; दोन वेळच्या डब्याचा महिन्याचा भाव काय, विचार. त्यातून शिध्याचा भाग वजा कर, कारण किराण्यात तुम्ही तिघी आहात. जे उरेल ती झाली करणावळ. ती दोघींची, चार महिन्यांची धर. मग बघ चौदा हजारांतले किती उरतात. कदाचित तूच देणं लागशील.

इथं मी स्वतःच जरा अडखळले. मैत्रिणीच्या हातच्या भाकरीला भाव लावायचा? मग ती स्वयंपाकीणबाई होणार का? या शंकेत दम आहे. म्हणून हा आकडा मांडून झाल्यावर तिला एक गोष्ट विचारायची: 'तुला हे करायचं आहे का?' घरी असते म्हणून तिच्या गळ्यात पडलेलं काम आणि तिनं 'हो, हे मी करते, माझ्या वाट्यातून एवढं वळतं कर' म्हणून घेतलेलं काम, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ती नको म्हणाली, तर संध्याकाळचा स्वयंपाक तुझा आणि तिनं भाड्याचं बघायचं. तू रात्री आठनंतर पीठ मळायला लागलीस की दुधाचं दुःख आपोआप मागं पडेल, असा माझा अंदाज आहे.

'किराण्याचे तिचे ती देते, कुठून आणते माहीत नाही.' हेही तुझंच वाक्य. एका घरात राहता. विचारलं का नाहीस? शिकवणी घेत असेल, कानातलं ठेवलं असेल, नातेवाइकाकडून घेतले असतील. तू आकडा विचारायला घाबरलीस, ती सांगायला लाजली. त्या पहिल्या 'असू दे, नंतर बघू'नं घोळ केला. 'असू दे' म्हणजे दिले की उसने, हे तिला कळायला मार्गच नव्हता. तू उसने समजलीस. ती काय समजली, तिला विचार.

तिच्या दुपारच्या मैत्रिणींबद्दल. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. आधी चार पर्यायांतून गोल काळा करायचा असायचा, आता पानंच्या पानं लिहायची. ज्यांनी वर्षानुवर्षं गोल काळे करायची तयारी केली, त्यांना पुन्हा पेन धरायला शिकावं लागतंय, आणि लिहिलेलं उत्तर बरं की वाईट हे स्वतःचं स्वतःला कळत नाही. दुसरं कुणीतरी वाचावं लागतं. त्या पोरी चहा प्यायला येतात की एकमेकींची उत्तरं तपासायला? मला ठाऊक नाही, तुलाही नाही. अभ्यासिकेत मोठ्यानं बोलता येत नाही, म्हणून घरी येत असतील. दूध संपतं ते संपतंच, त्याला उपाय जास्तीचं दूध. ज्या गावात कट्ट्यावर म्हैस उभी करून समोर धार काढून पेला हातात देतात, तिथं अर्ध्या लिटरवरून घर मोडलं तर म्हशींनासुद्धा वाईट वाटेल.

पण एक कठीण गोष्ट तुला बोलावी लागेल, ती दुधापेक्षा मोठी आहे. किती दिवस? एमपीएससीला वयाची अट खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांची आहे. म्हणजे अट तुमचा प्रश्न सोडवायला दहा-पंधरा वर्षं लावणार. 'पास होईपर्यंत' हा करार कुठल्याही मैत्रिणीनं करू नये, सख्ख्या भावानंही करू नये. तिला परीक्षा सोडायला सांगायचा अधिकार तुला नाही. तुझ्या पगारातून तिचा वाटा किती काळ निघेल, हे सांगायचा पुरेपूर आहे. महिना सांग. 'मार्चपर्यंत मी अर्धा वाटा उचलते, त्यानंतर नाही.' ऐकायला रुक्ष वाटतं, पण तारीख कळली की माणूस तजवीज करतो. कुणास ठाऊक कधी दरवाजा आपटेल, या भीतीत कुणाचा अभ्यास होत नाही.

आता 'जाऊ का?' याचं.

करार तुझ्या एकटीच्या नावावर आहे. म्हणजे तू गेलीस की त्या घरात राहायचा कागद कुणाकडंच उरत नाही. तू विचारतेस 'मी जाऊ का', पण तुझ्या जाण्यात तिला बाहेर काढणं बसलेलंच आहे. ते तुझ्या लक्षात आलं नसावं, असं मी धरून चालते. उलट बाजूही आहे: भाडं थकलं, भिंतीला भोक पडलं, काहीही झालं तरी काकू तुलाच धरणार, बाकीच्या दोघींना नाही. हे ओझं तुझ्यावर आहे, आणि त्याबद्दल मात्र तुझी कुणी जमेची बाजू लिहिलेली नाही. तीही लिही.

करार हातात घेऊन एकदा नीट बघ. तो निबंधकाकडं नोंदवलेला आहे, की स्टॅम्पपेपरवर नुसती नोटरी केलीय? आपल्याकडं दुसरा प्रकार फार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो, आणि तो नोंदवून घ्यायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवलेला नसेल तर घर कुठल्या अटींवर दिलं, याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. काकूंना हे भांडणात फेकून मारू नकोस. पण नोव्हेंबरात नवा ११ महिन्यांचा करार होईल तेव्हा राहणाऱ्या सगळ्यांची नावं घाला, आणि नोंदवूनच घ्या. आता आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ऑनलाइन होतं. सॅलरी स्लिप नसलेली बाई करारात चालत नाही, असा काही कायदा नाही. तो काकूंचा नियम आहे, आणि दोन वर्षं वेळेवर भाडं घेतल्यावर काकू वाकतील.

लग्नाच्या मुलीला घाईगडबडीत विसरू नका. डिपॉझिटचे तिचे १०,००० तिला जाताना मिळाले पाहिजेत. तेवढे तुम्ही दोघी आत्ता काढू शकणार नाही, म्हणजे तिच्या जागी येणारीकडून घ्यायचे. त्यासाठी नवी मुलगी दिवाळीच्या आधीच शोधायला लागा, नाहीतर दोघींत ५,२५० चा वाटा पडेल आणि मग हे सगळं पत्र तू मला पुन्हा लिहिशील. नवी येईल तिला पहिल्याच दिवशी भाड्याबरोबर कामाचाही हिशेब सांगा.

शाहूपुरीच्या फ्लॅटबद्दल मला एवढंच विचारायचंय: २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत तिथं पुराचं पाणी कुठवर आलं होतं? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, आणि त्या दोन्ही वर्षी नदी तिच्या बरीच वर गेली होती. शाहूपुरीचा खालचा भाग त्यात होता. मालकाला विचारलंस तर तो सांगेल, 'रस्त्यावर आलं होतं, आत नाही.' समोरच्या किराणा दुकानदाराला विचार, तो भिंतीवर बोट ठेवून दाखवेल. स्वस्त का आहे, ते तिथंच कळेल. वरचा मजला असेल तर गोष्ट वेगळी, पण मीटर आणि गाड्या खालीच असतात.

स्वार्थाचं विचारलंस. नोव्हेंबरनंतर तुला खरंच वेगळं राहायचं असेल, तर राहा. मैत्रिणीबरोबर घर केलं म्हणजे सात जन्मांची गाठ मारली असं नाही. पण तिला दोन महिने आधी तोंडानं सांगून जा. माझ्या मैत्रिणीसारखी ट्रंक उचलून जाऊ नकोस. तिच्या जागी मी असते तर मीही तशीच गेले असते, ही गोष्ट निराळी.

बोलायला रंकाळ्यावर जाऊ नका. निम्मं गाव ओळखीचं भेटतं आणि मुद्दा भेळेत जातो. येत्या रविवारी घरीच बसा, लग्न ठरलेली घरात असताना. ती दोघींनाही ओळखते आणि तिला आता या घरात हरायचं-जिंकायचं काही नाही. वही मध्ये ठेवा. दोन्ही बाजू लिहा. काकू दुपारी झोपतात ती वेळ साधा.

पण 'बापाचे' ते वाक्य रविवारपर्यंत तसंच ठेवू नकोस. त्याला वही लागत नाही. आज रात्री आठला घरी गेलीस की झाकलेलं जेवण एकटी उघडू नकोस. दार वाजव. 'जेवलीस काय?' विचार. ती आतून 'जेवलो' म्हणेल. तरी ताटं दोन काढ, कारण ती जेवलेली नसणार.